हात खाली

"मंगल, माझ्या तोंडाकडं बघ. अजून कोणी खाल्लं? को-णी?"

शमीम मॅडम खाटेवर वाकल्या होत्या. त्यांचं तोंड मंगलच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. मंगल नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. तासाभरात पाच वेळा ओकली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या एका हाताला सलाईन लावलं होतं. ती ते उपसून टाकत होती म्हणून एका नर्सनं तो हात धरला होता, दुसरा हात मॅडमच्या सांगण्यावरून दुसरीनं. खाटेच्या कडेला कागदावर चार काळी टरफलं ठेवली होती. मंगलच्या फ्रॉकच्या खिशात सापडलेली. चंद्रज्योतीच्या विषारी बियांची टरफलं. आमच्या शाळेच्या कुंपणाला ती झाडं होती, कारण त्यांना शेळी तोंड लावत नाही.

डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "मॅडम, लेकरं असलं काही एकटी खात नाहीत. बाकीच्या कुठं आहेत?"

बाकीच्या रस्त्यावर होत्या. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. सकाळपासून चाळीस मुली आपापल्या माणसांबरोबर वसतिगृहातून निघाल्या होत्या, कोणी एसटीनं, कोणी जीपनं. मंगलचा बाप लातूरमध्येच डाळ मिलमध्ये हमाल, तो दुपारी येणार होता म्हणून ती मागं राहिली आणि माझ्या स्वयंपाकघरात ओकली. म्हणून तिचं कळलं. तिकडं शाळेत कारकून रजिस्टरमधले नंबर लावत होता. अर्धे नंबर बंद, अर्धे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे.

"ओकारी, जुलाब, अंगातलं पाणी जातं," डॉक्टर म्हणाला. "वेळेत आली तर वाचतात. लहान असेल तर वेळ कमी असतो."

मॅडम एकेक नाव ओठांनी सावकाश म्हणत होत्या. "सविता?" मंगलनं 'हो' अशी मान हलवली. "रेश्मा?" मान हलवली. "कांचन?" पुन्हा मान हलवली. कांचन गोवर झाला म्हणून आठ दिवसांपूर्वीच घरी गेली होती. आमच्या मुली अशाच मान हलवायच्या. वर्गात मान हलवली की बाई पुढच्या मुलीकडं जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लिहायला मंगलला स्वतःचं नाव यायचं, दुसऱ्याचं नाही.

तिची बोटं नर्सच्या मुठीत वळवळत होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. ती काय करू बघते ते मला दिसत होतं. मी गप्प होते.

त्या दिवशी असं का झालं ते सांगायचं तर आधी मॅडम कोण ते सांगितलं पाहिजे.

डॉक्टर शमीम अत्तार. दवाखान्याच्या डॉक्टर नव्हेत, शिक्षणातल्या. नांदेडच्या विद्यापीठात बहिऱ्या मुलांना बोलायला कसं शिकवावं यावर त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं होतं. लातूरला विशेष शिक्षकांचं कॉलेज होतं, तिथं त्या प्राध्यापक आणि मग प्राचार्य झाल्या. त्याच आवारात बहिऱ्या मुलींची निवासी शाळा, आणि त्या शाळेत मी स्वयंपाकीण. मराठवाड्यात कुठंही बहिऱ्यांच्या शाळेत जा, एखादी बाई तरी शमीम मॅडमच्या हाताखाली शिकलेली असायचीच. आणि वर्गात फळ्याच्या वर रंगवलेलं असायचं : हात खाली, आवाज वर. ते वाक्य मॅडमचं.

मला त्या आवडायच्या नाहीत. आधीच सांगून टाकते.

उंच, वाळक्या, सुती साडी, पदराला पिन. चष्मा दोरीनं गळ्यात. पर्समध्ये वीतभर लांबीची आरशाची पट्टी आणि पातळ कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी मुलीच्या ओठांपुढं धरायची आणि प म्हणायला लावायचं. चिठ्ठी हलली तर प, नाही हलली तर ब. मुलीचा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, म्हणजे आवाज कसा थरथरतो ते तिला कळावं. दिवसातून दोनशे वेळा. त्यांच्या गळ्याची कातडी तिथं काळी पडली होती.

पाठ फिरवून त्या कधीच कोणाशी बोलल्या नाहीत. बहिऱ्या माणसाला पाठमोरं बोललेलं समजत नाही, म्हणून ती सवय. पण आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांशीही तेच. बोलत बोलत निघायचं झालं की त्या उलट्या चालायच्या. एकदा मला भाजीचं सांगत सांगत तशाच मागं गेल्या आणि मोरीत बसल्या. मी हसले. त्या मोरीतूनच म्हणाल्या, "हसा, पण तोंड माझ्याकडं करून हसा." आणि ऐकणारा माणूस खाली बघत असला तर त्याची हनुवटी धरून तोंड वर करायच्या. एका मोठ्या साहेबाची अशीच धरली होती.

तो साहेब तपासणीला आला होता. शाळेच्या पाटीवर सरकारी नाव होतं, मूकबधिर विद्यालय. मॅडमनी त्यातल्या 'मूक'वर स्वतः शिडीवर चढून रंग फासला होता. साहेबानं विचारलं, "पाटीवर हे काय?"

"साहेब, बधिर आहेत, मूक नाहीत."

"पण मुकी पोरं बोलणार कशी?"

मॅडमनी त्याची हनुवटी उचलली. "माझ्याकडं बघा. मुकं म्हणजे ज्याला आवाज नाही तो. माझ्या मुलींना आवाज आहे. तुमच्यापेक्षा मोठा आहे. ऐकायचाय?" आणि आतून सहा मुली बोलावून सगळ्यांना एकदम 'नमस्कार' म्हणायला लावलं. साहेब दोन पावलं मागं सरकला. पाटी तशीच राहिली.

हे सगळं कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. नांदेडला त्यांच्या बापाचं अत्तराचं दुकान होतं. थोरली बहीण जुबेदा बहिरी. गल्लीत तिला सगळे 'गुंगी', म्हणजे मुकी, म्हणायचे. तिचं नाव जुबेदा आहे हे गल्लीला तिच्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं. लग्न साठीच्या माणसाशी लावलं, गुंगीला दुसरा कोण करणार म्हणून. ती सासरी जाताना मॅडम चौदा वर्षांच्या होत्या. "ती दारातून हात करून काहीतरी सांगत होती," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि गाडीतली सगळी माणसं तिच्या हाताला हसत होती. तिला दोन शब्द बोलता आले असते तर कोण हसलं असतं?" म्हणून त्यांना हातांचा राग होता. मला तो तेव्हा पटला नाही, पण कळला होता.

दुर्गाची गोष्ट सांगते. दुर्गा मुरुडची, कमरेइतकी वेणी, जिद्दी. एप्रिलमधली दुपार. ती माठापाशी येऊन अंगठा तोंडाकडं नेऊन दाखवायला लागली. मॅडम माठ आणि तिच्यामध्ये उभ्या राहिल्या. "हात खाली. पा-णी."

दुर्गानं पुन्हा अंगठा दाखवला. "हात खाली. पा-णी." पाव तास गेला, अर्धा गेला. पोरगी रडायला लागली.

मी म्हणाले, "मॅडम, लेकराचा जीव जाईल तहानेनं. लई झालं आता."

"गयाबाई, सकाळपासून मी पण पाणी घेतलेलं नाही. ही पिल्याशिवाय घेणार नाही."

"तुम्ही तुमच्या मर्जीनं राहिला तहानलेल्या. तिला कोणी विचारलं?"

आणखी दहा मिनिटांनी दुर्गा ओरडली, "बाबी!" मॅडमनी तिला पेला भरून दिला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना भोवळ आली होती.

"ऐकलंत ना? पाणी म्हणाली."

"बाबी म्हणाली."

"उद्या पाणी म्हणेल."

उद्या नाही, चार महिन्यांनी म्हणाली. पण म्हणाली, ते खोटं कशाला सांगू? तिची आई मुरुडहून भेटायला आली तेव्हा दुर्गा तिला 'आई' म्हणाली. ती बाई उंबऱ्यातच बसली आणि मॅडमचे पाय धरायला लागली. मॅडम तिच्यावर खेकसल्या, "पाय कसले धरता? घरी हिला मुके म्हणून हाक मारता ना? दुर्गा म्हणा. ती तुमच्या ओठावरून ओळखते."

आता माझ्या स्वयंपाकघराचं सांगते. मुली वर्गात मांडीखाली हात घालून बसायच्या आणि संध्याकाळी माझ्याकडं पालेभाजी निवडायला यायच्या. तिथं त्यांचे हात सुटायचे. आधी मला वाटलं, नुसता खेळ आहे. मग कळलं, बोलणं आहे. मोठ्या मुली लहानींना शिकवायच्या, आणि मी बघून बघून शिकले. माणसाला नाव देण्याची त्यांची रीत मला लई आवडायची. शाळेतलं नाव त्यांच्या काही कामाचं नव्हतं, कारण ते ऐकूच येत नाही. त्या माणसाची खूण हेच नाव. दुर्गा म्हणजे खांद्यावरून खाली ओढलेला हात, वेणी. मुदखेडची सुरेखा म्हणजे कानाच्या पाळीला चिमटा, कारण तिची पाळी डूल ओढून फाटली होती. मी म्हणजे डोळे वटारणे. आणि मॅडम म्हणजे एका हातानं दुसऱ्या मनगटावर मारलेली चापट.

एकदा मॅडम अचानक दारात आल्या. मुलींचे हात हवेत होते, ते तिथंच थांबले.

"हे काय चाललंय?"

मी म्हणाले, "पीठ झटकून राहिल्यात."

"हाताला पीठ दिसत नाही."

"झटकलं म्हणून न्हाई दिसत."

त्या म्हणाल्या, "गयाबाई, इथं हात चालले तर तिकडं जीभ चालणार नाही. मला कळलं तर तुम्हाला इथं ठेवणार नाही."

मी चौथी शिकलेली विधवा बाई. दुसरं काम कुठं बघणार? मी दार लोटून घ्यायला लागले. मुलींना दाराची भीती शिकवली ती मीच. आणि मॅडमना कधी सांगितलं नाही की तुमच्या मुली दिवसभर बोलतात, फक्त तुमच्यासमोर मुक्या होतात.

तर त्या दिवशी दवाखान्यात मी गप्प उभी होते ती का, हे आता कळलं असेल. मंगल बोलू बघत होती. माझ्या नोकरीची भीती मला अजून होती. पंचवीस मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं, मी बघितलं.

शेवटी मंगलची मान लटकली तेव्हा मी बोलले. "मॅडम, तिचे हात सोडायला सांगा."

"गयाबाई, आत्ता नाही."

"तिला तोंडानं न्हाई सांगता येत. हातानं येतं. मला समजतं."

मॅडम वळल्या. "तुम्हाला समजतं?"

"हाव. सहा वर्षं झाली. पिठाचं खोटं सांगितलं होतं मी. मला काढा उद्या. आत्ता हात सोडा तिचे."

नर्स मॅडमकडं बघायला लागली. मॅडमच्या हातात आरशाची पट्टी होती, ती त्यांनी खाटेवर टाकली. "सोडा," त्या म्हणाल्या. "सलाईनचा धरा, पण सैल."

मी मंगलची हनुवटी वर केली आणि हातानं विचारलं : बी फोडून खाल्ली, तू, आणि कोण? पोरीचे डोळे मॅडमकडं गेले. ती मॅडमना घाबरत होती, मरणाच्या दारात घाबरत होती. मॅडमना ते दिसलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, कर म्हणून."

मंगलनं हात उचलला. खांद्यावरून खाली ओढला.

"दुर्गा," मी म्हणाले. "मुरुड."

कानाच्या पाळीला चिमटा.

"सुरेखा. मुदखेड. तिचा बाप नऊच्या नांदेड गाडीनं घेऊन गेलाय."

मग तिनं तळहात तोंडापुढं धरला आणि त्यावर फुंकर मारली. मला कळेना. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तळहात, पुन्हा फुंकर. "हे नाव मला माहीत न्हाई. कोणीतरी नवीन हाय. मॅडम, मला न्हाई माहीत हे."

मॅडम मंगलच्या हाताकडं टक लावून बघत होत्या. "पुन्हा करायला सांगा." मंगलनं पुन्हा फुंकर मारली.

"चिठ्ठी," मॅडम म्हणाल्या. "कागदाची चिठ्ठी. प येत नाही म्हणून महिनाभर मी एकाच मुलीला सारखी चिठ्ठी फुंकायला लावतेय. पुष्पा. या अल्लाह, त्यांनी तिचं नाव तेच ठेवलंय."

पुष्पा निलंग्याच्या पलीकडच्या गावची, सात वर्षांची, जूनमध्ये आलेली. सकाळी तिचा आजोबा न्यायला आला होता. त्याच्याकडं फोनच नव्हता.

त्यानंतर मॅडम धावल्या. कारकुनाला मुरुडचं काम दिलं. नांदेडच्या गाडीसाठी एसटीच्या डेपोला फोन लावत लावत रिक्षात बसल्या, मी बरोबर. "कंडक्टरचा नंबर द्या. नियम नंतर सांगा, लेकरू मरतंय." डेपोतला माणूस म्हणत होता, बघून सांगतो. रिक्षा बसस्थानकावर आली. दिवाळीची गर्दी, मुंगीला जागा नव्हती. निलंग्याची गाडी लागलेली नव्हती, म्हणजे आजोबा इथंच कुठंतरी असणार. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं भोंग्यावर तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही. आजोबाला स्वतःलाच कमी ऐकू यायचं, हे नंतर कळलं.

"पुष्पा!" मॅडम ओरडल्या, आणि ओरडून थांबल्या. कोणाला हाक मारतोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

त्या बाकावर चढल्या. चप्पल काढून नाही, चपलेसकट. बाकावर बसलेला एक जण म्हणाला, "ओ बाई, डोक्यावर बसता का आता?" मॅडमनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन जोरजोरात हलवले. मग तळहात तोंडापुढं धरून फुंकर मारली, हात वर केला, पुन्हा फुंकर मारली. सत्तावन्न वर्षांची प्राचार्य बाई, पदराची पिन सुटलेली. लोक हसायला लागले. एका पोरीनं मोबाईल काढला. मॅडम चारी दिशांना वळून तेच करत राहिल्या.

पार पलीकडच्या टोकाला गाठोड्यांच्या मागून एक हात वर आला. बारीकसा. तळहात तोंडाकडं गेला.

मी तिथं पोचले तेव्हा पुष्पा आजोबाच्या मांडीवर होती. फ्रॉक ओला. म्हातारा मला म्हणाला, "ऊन लागलंय हो लेकराला. गाडी लागली की बरं वाटल." मी पोर उचलली आणि पळाले. म्हातारा मागून गाठोडी घेऊन, "अवं बाई, कुठं न्हेऊन राहिला?" करत येत होता.

मुरुडला दुर्गा घरी पोचली होती. तिला दृष्ट लागली म्हणून आई मीठ-मिरच्या उतरवत बसली होती. कारकुनाचा फोन शेजाऱ्याकडं गेला, शेजाऱ्यानं मोटरसायकलवर घालून तिला तिथल्याच दवाखान्यात नेलं.

नांदेडची गाडी लोह्याला पोचली तेव्हा कंडक्टरला निरोप मिळाला. सुरेखा वाटेत चार वेळा ओकली होती. बाप माधव रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये कामाला, समजूतदार माणूस. त्याला वाटलं, पोरीला बस लागली. आपल्याकडं बसमध्ये लेकरू ओकलं तर दुसरं काय वाटणार? गाडीतल्या बायांनी लिंबू दिलं, कोणी आल्याचा तुकडा दिला. खिडकीशी बसवा म्हणाले, डोळे मिटून निजवा म्हणाले. गाडी अहमदपूरच्या स्थानकात दहा मिनिटं थांबली होती. त्या दहा मिनिटांत इकडं मॅडम मंगलला 'रेश्मा? कांचन?' विचारत होत्या आणि मी गप्प उभी होते. मी नंतर वेळ जुळवून पाहिली.

चौकशी बसली. संस्थेचं म्हणणं होतं, कुंपणाची झाडं आणि पालकांचा निष्काळजीपणा एवढं लिहावं. माझा जबाब घेतला, मी सांगितलं की कुंपणाकडं जाऊ नका असं मी मुलींना बजावलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. मॅडमनी आपल्या जबाबात एक ओळ लिहिली : मुलीला सांगता येत होतं, मी तिचे हात धरायला लावले. अध्यक्ष म्हणाले, "ही ओळ काढा. सगळ्या शाळांमध्ये तुमची पद्धत चालते. तुमच्या सगळ्या नोकरीवर पाणी पडेल."

"पडू द्या," मॅडम म्हणाल्या.

मला त्यांनी काढलं नाही. सुट्टी संपून मुली परतल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पोत्यावर बसल्या. "शिकवा."

"मी काय शिकवू? मुलींना विचारा."

त्या मुलींकडं वळल्या. त्यांचा हात भयंकर जड होता. मुली हसायच्या, त्यांची बोटं धरून सरळ करायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, माझं नाव काय? कोणी करेना. शेवटी दुर्गानं मनगटावर चापट मारून दाखवली. मॅडमनी तीच खूण स्वतः करून बघितली, एकदा, दोनदा. "बदलून देऊ का, विचारून राहिलीय," मी सांगितलं. "नको," त्या म्हणाल्या. "हेच राहू दे."

मग त्या गावोगाव फिरल्या. आपल्या हाताखाली शिकलेल्या बायांच्या शाळा शोधून शोधून भिंतीवरचं वाक्य पुसायला लावायच्या. नांदेडला एका सभेत त्या हे बोलल्या तेव्हा एक जुने प्राध्यापक उठून म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं तुम्ही आम्हाला हात बांधायला शिकवलं. आता काय नाच शिकवणार?" सभा हसली. मॅडम म्हणाल्या, "हो. तुम्हाला जमेल का ते बघा." पण उतरताना पायरीवर त्यांचा तोल गेला, मी दंड धरला. त्यांचं पुस्तक अजून त्या विद्यापीठात असेल. ते परत घेता येत नाही म्हणे.

बोलायला शिकवणं त्यांनी सोडलं नाही. दुर्गा आज जेवढं बोलते तेवढं त्यांच्यामुळंच. फक्त आता मुलीनं पाणी हातानं मागितलं की आधी पाणी द्यायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मुदखेडला. निवृत्त होऊन त्या नांदेडला राहायला गेल्या होत्या. मला त्यांचा निरोप आला, माधवनं बोलावलंय, एकटीला जाववत नाही, तुम्ही या. माधव वर्षभर कोणाशी धड बोलला नव्हता. रेल्वेच्या वसाहतीत त्याची खोली. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. तो आमच्यासमोर जमिनीवर बसला.

"मॅडम, तुम्ही शाळेत घालताना सांगितलं होतं. घरी हात करू देऊ नका, हात केले की धरा."

"सांगितलं होतं."

"बसमध्ये ती हात करून राहिली होती. सारखं एकच. लोक बघून राहिले होते. मी धरले. ती सोडवून घ्यायची, परत तेच करायची. मी परत धरायचो. लोह्यापर्यंत. ते मला पाठ झालंय मॅडम. रोज डोळ्यासमोर येतं. तिनं काय सांगितलं, तेवढं मला सांगा."

त्यानं हात पुढं केले. जाडे, घट्टे पडलेले हात. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं, दातांखाली धरून फोडल्यासारखं केलं, पोटावर मूठ ठेवली. मग उजवा हात वर करून चार बोटं दाखवली. पुन्हा पहिल्यापासून तेच केलं, पुन्हा चार बोटं.

ते मला कळलं, मॅडमनाही कळलं. मी त्यांच्याकडं बघितलं. काहीतरी गोड सांगता आलं असतं. बाबा म्हणत होती, असं सांगितलं असतं तरी त्यानं मानलं असतं.

मॅडम पुढं सरकून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी त्याची हनुवटी वर केली.

"ती सांगत होती, बी फोडून खाल्ली, पोट दुखतंय. आणि सांगत होती, आम्ही चौघींनी खाल्लीय."

माधवनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

मंगल जगली. दुर्गा जगली. पुष्पा जगली. सुरेखा दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात वारली.